आधी शांतता आयका

तुम्ही कधी मे महिन्यात, नागपुरात, स्वतःच्या मर्जीनं कूलर बंद करून बसले आहात का? पंखाही बंद? खिडक्या लावून? नाही ना? मी बसली आहे. उन्हाळाभर, दर रविवारी. आणि वरून खुशीत बसली आहे. ते काहून, हे सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही, बोटं एकमेकांवर पडून राहिली आहेत, टायपिंगच्या चुका झाल्या तर पोटात घाला.

हे सगळं आमच्या घरमालक काकांमुळे. नंदनवन भागात त्यांचं घर, खाली काका-काकू आणि वरच्या खोलीत मी भाड्यानं. मी सावनेरची, नोकरी लॅपटॉपवरची. खोली बघायला गेली तेव्हा काकांनी ना आडनाव विचारलं, ना घरी कधी परत येते ते. एकच प्रश्न विचारला.

"मिक्सर हाय का तुह्याजवळ?"

"आहे ना काका."

"रविवारी सकाळी लावायचा नाही. लाइन खराब होते."

मला वाटलं पाण्याची लाइन. ते विजेबद्दल बोलून राहिले होते.

काका विजेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. इंजिनियर-बिंजिनियर नाही, बिलिंगमध्ये होते. "उभी जिंदगी वीज कागदावर पाह्यली," असं म्हणायचे, "आता म्हटलं आयकून पाहू." आणि वीज त्यांना खरंच ऐकू यायची म्हणे. रविवार सकाळची सगळ्यात उत्तम. कारखाने झोपलेले, लोकं झोपलेली, त्यामुळे ती वीज आंघोळ करून आल्यासारखी येते. दुपारची घामेजलेली. संध्याकाळची तर विचारूच नका, अख्ख्या मोहल्ल्याच्या टीव्हीतून उष्टी होऊन येते. म्हणून घरी गाणी ऐकायची बैठक रविवारी सकाळीच. कूलर बंद, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. काकू शनिवारीच दुधाचं पातेलं शेजारच्या घरी ठेवून यायच्या. शेजारीण आता विचारतसुद्धा नव्हती, नुसतं फ्रिजचं दार उघडायची.

बैठकीला माणसं मोजकीच. एक हुडकेश्वरचे भाऊ, काकांचे ऑफिसातले जुने सोबती. दुसरे एक रिटायर गुरुजी, जे डोळे मिटून, मान छातीवर टाकून ऐकायचे. काका त्यांना सगळ्यात तयार कानाचा माणूस मानायचे. ते झोपायचे हे मला दुसऱ्याच रविवारी समजलं, पण त्या घरात काही गोष्टी बोलायच्या नसतात हेही तोवर समजलं होतं.

हॉलमध्ये भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली टेबलावर काकांचा अम्प्लिफायर. काळा, लोखंडी, ट्रंकेएवढा, उचलायला दोन माणसं लागतील असा. काका-काकूंचं लग्न झालं त्या पहिल्या उन्हाळ्यात घरात फ्रिज घ्यायचं ठरलं होतं. काका बर्डीच्या बाजारात फ्रिज आणायला गेले आणि हा घेऊन आले. काकू हे सांगताना आजही कमरेवर हात ठेवतात. "माठाचं पाणी पेलो आम्ही किती वर्षं! पाणी कोमट, पण गाणं मात्र थंडगार, बरं का पोरी."

मला आधी अम्प्लिफायर म्हणजे लग्नातल्या भोंग्याला जोडतात तो डब्बा वाटायचा. काकांना हे मी बोलून दाखवलं. त्यांनी मला समोर बसवलं.

"पाह्य. गाणं येते ते मुंगीएवढं. त्याचा हत्ती करायचा असते. हत्ती तर कोनीबी करते. पण हत्ती झाल्यावर तो मुंगीसारखा चालला पाह्यजे. दाणा न सांडता. समजलं?"

समजलं नाही, पण काय भारी वाटलं! मी वर जाऊन मैत्रिणीला लगेच व्हॉइस नोट पाठवली.

काकांची भाषाच अशी. कंपन्यांची माहितीपत्रकं ते गोळा करायचे आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायचे. "'उबदार, रेशमी, सोनेरी आवाज.' उबदार! नागपुरात कोनाले पाह्यजे बे उबदार?" त्यांचे स्वतःचे शब्द सगळे खाण्यातले. आवाज नुसताच चकचकीत असला की, "तर्री लय, पोहे कमी." ढोलकी अंगावर येत असली की, "सावजीचा मसाला पडला." गाणारीचा आवाज मधोमध, भरीव, जागच्या जागी उभा राहिला की मान हलवत, "भाकर हाय. भाकर." भाकरीच्या वर काही नव्हतं.

पण गंमत म्हणजे ज्या माहितीपत्रकांना हसायचे त्यांनाच फसायचेही! एकदा कुठल्याशा शुद्ध तांब्याच्या, करंगळीएवढ्या जाड वायरी मागवल्या. वायरीवर बाण होता. गाणं या दिशेनं गेलं पाहिजे म्हणे. काकांनी पूर्ण आठवडा सगळ्यांना सांगितलं की पडदा उघडल्यासारखं झालं, तबलजीच्या अंगठ्या दिसून राहिल्या. एकदा काटोलहून संत्र्याच्या झाडाचं लाकूड आणून सुताराकडून चार ठोकळे कापून घेतले आणि अम्प्लिफायरच्या खाली ठेवले. संत्र्याचं लाकूड थरथर पिऊन घेते, आवाजाला गोडवा येते, असा त्यांचा स्वतःचा शोध.

काकू आतून म्हणाल्या, "मंग कडूनिंबाचे ठेवून पाहा एकडाव. शुगरबी उतरन."

आता ऐका, इथंच काका बाकीच्या दुनियेहून वेगळे. त्यांचा एक नियम होता. "एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा, डोळे मिटा, आन् मंग बोला." हा नियम ते स्वतःलाही लावायचे. वायरींची परीक्षा झाली. काकूंनी मागून वायरी बदलल्या, काकांनी डोळे मिटून ओळखायचं. जुनी कोणती, नवी कोणती, काही केल्या लागेना. डोळे उघडले आणि मग जे हसत सुटले! "हारलो गा, साफ हारलो! बाण पाहून आयकून राह्यलो होतो मी!" हुडकेश्वरच्या भाऊंना फोन करून सांगितलं, गुरुजींना उठवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या वायरी गच्चीवर दोन खांबांना बांधल्या, कपडे वाळत घालायला. माझे कुर्ते नागपुरातल्या सगळ्यात महागड्या दोरीवर वाळायचे. बाणाच्या दिशेनं.

ठोकळ्यांचीही हीच गत. ते आता काकूंच्या पोळपाटाखाली आहेत.

पण काकांचा खरा अभिमान आवाजाचा नव्हता. शांततेचा होता. बैठक सुरू झाली की ते अम्प्लिफायर चालू करायचे, आवाजाचं बटण फिरवायचे, आणि गाणं लावायच्या आधी उजव्या हाताचं बोट वर करायचे.

"आधी शांतता आयका."

सगळे चूप. घामाचा थेंब नाकावरून खाली आला तरी पुसायचा नाही.

"दुनियेचे अम्प्लिफायर काही लावलं नसलं तरी कुजबुजत राह्यते. हा नाही. विहिरीत वाकून पाह्यल्यासारखं वाटते का नाही? खोल. काळं. काहीच नाही."

आणि पहिल्याच रविवारी त्या विहिरीत मला साफ ऐकू आलं, सीऽऽऽऽ. बारीक, सतत. कुकरची शिट्टी होण्याआधी जसं सुरू होते ना, तसं. मी शेजारी बसलेल्या काकूंच्या कानाला लागली. "काकू, गॅसवर काही आहे का?"

काकूंनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी पुढचं अख्खं गाणं त्या चिमट्यातच ऐकलं. मला वाटलं, हायफाय म्हणजे असंच असत असेल. मोठ्या वस्तूंमधलं आपल्याला काय समजते!

मग मी एक उद्योग केला. ऑनलाइन एक अम्प्लिफायर मागवला. तळहाताएवढा. परीक्षणं वाचून वाचून मला ताप आला होता, सगळे लिहून राहिले होते की आता महागड्यांचे दिवस गेले, हा छोटासा डब्बा सगळ्यांना झोपवेल. मी डब्बा घेऊन नाचत-नाचत खाली गेली. काकांनी तो दोन बोटांत धरला, उलटा केला, सुलटा केला.

"हे अम्प्लिफायर हाय का साबणाची वडी?"

"काका, टेस्ट करा ना! डोळे मिटून!"

"करू," काका म्हणाले. डोळे चमकले त्यांचे. "रविवारी. पण बराबर करू. दोघायचा आवाज सारखा पाह्यजे. जो जास्त मोठ्यानं वाजते तो चांगला वाटते, दुकानदारायची जुनी युक्ती हाय ते."

रविवारी हॉलमध्ये दोरी बांधून चादर लावली. चादरीमागे दोन्ही अम्प्लिफायर आणि वायरी बदलायला काकू. काकूंचा हात या कामात बसलेला होता, आम्ही ऑफिसात पेन बदलतो तसं त्या वायरी बदलायच्या. आवाज मोबाइलवर मोजून सारखा केला. गाणं म्हणजे काकांच्या आवडीची, सतारीची एक जुनी सीडी. स्पीकर तेच. खुर्ची तीच. काकांनी डोळ्यांवर रुमाल बांधला. सगळं नियमानं.

"एक नंबर," चादरीमागून काकू.

आणि सतार सुरू व्हायच्या आधीच मला समजलं. सीऽऽऽऽ. हा काकांचा.

"दोन नंबर." काहीच नाही. चिडीचूप. ही साबणाची वडी.

मी हुडकेश्वरच्या भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच स्वतःच्या चपलेकडे. त्यांनाही समजलं होतं. गुरुजीसुद्धा त्या दिवशी जागे होते, त्यांनाही. त्या खोलीत अम्प्लिफायर कोणता हे सगळ्यांना गाण्याआधीच समजून राहिलं होतं, फक्त एक माणूस सोडून.

"हा," काका साबणाच्या वडीला म्हणाले, "हा माहा. विहीर हाय, विहीर!" पुन्हा बदललं. आता खरंच त्यांचा, सीऽऽऽऽ करत. काका म्हणाले, "हा पोरीचा. तर्री लय, पोहे कमी." पुन्हा बदललं, पुन्हा उलटं. प्रत्येक वेळी उलटं.

आता मी कशी आहे तुम्हाला समजलंच असेल. माझ्या तोंडात "जिंकलीऽऽ" असं आलं होतं, फक्त निघायचं बाकी होतं. तेवढ्यात चादरीच्या वर काकूंचा चेहरा आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की चिमट्याची गरज पडली नाही.

"बराबर," काकू म्हणाल्या. "सगळे बराबर ओळखले तुमी."

काकांनी रुमाल काढला. काय चेहरा झाला होता! लहान लेकरासारखा. नंतर पोहे आले तर माझ्या ताटलीत स्वतःच्या हातानं वरून तर्री ओतली. "हारलेल्याले जास्त तर्री," म्हणाले. तिखटानं माझ्या डोळ्यात पाणी आलं, बरं झालं, सोय झाली.

दुसऱ्या दिवशी काकू गच्चीवर आल्या, कपड्यांची बादली घेऊन. त्या तांब्याच्या दोरीवर चादर टाकता-टाकता एकदम म्हणाल्या, "बारीक आवाज गेले वं त्याच्या कानातले. पाखरं गेले, दाराची घंटी गेली, कुकर गेला. आन् त्याच्यामांगं मी गेली."

मी कपड्यांचे चिमटे पुढे केले.

"हळू बोललं का म्हणते पुटपुटते काहून. जोरात बोललं का म्हणते भांडते काहून. 'आयकलं का, आयकलं का' म्हणून किती हाका मारू? आता जेवाले बोलवाचं असलं का मी लाइट चालू-बंद करत असतो."

हे मी पाहिलं होतं! जेवणाच्या वेळी खालचा लाइट लपलप करायचा, मला वाटायचं व्होल्टेज.

"पण काकू, गाण्यातलं तर त्यांना इतकं बारीक समजते."

"ते गाणे पाठ हायेत त्याले. जे आयकू नाही येत ते आठवणीतून भरून घेते. मी काय बोलणार हावो, ते थोडीच पाठ हाय?"

"मग काल खरं काहून नाही सांगितलं? वायरींच्या वेळी तर ते किती हसले होते."

काकूंनी चादरीचा कोपरा ओढून सरळ केला. "वायर दुसऱ्याची होती. हा अम्प्लिफायर त्याचा हाय. सगळ्यायसमोर हारला असता ना, तर दुसऱ्या दिवशी कपडा टाकून ठेवला असता त्याच्यावर. गाणंच बंद केलं असतं. मले माहं बोलणं त्याले आयकू यायले पाह्यजे, हे खरं हाय. पण त्याचं गाणं बंद झालेलं नाही पाह्यजे मले." मग बादली उचलली. "डॉक्टरचं नाव काढलं का खोलीत जाऊन बसते. तू सांग काहीतरी. तुहं आयकते."

माझं ऐकते म्हणजे काय, माझा आवाजच मोठा आहे! पण जबाबदारी पडली होती. दोन दिवस विचार केला, काही सुचेना. मग इंटरनेटवर कानाच्या मशीनची माहिती वाचायला लागली आणि वाचता-वाचता खुर्चीतून उठलीच मी. अरे, हे तर काकांचंच सामान आहे! मुंगीचा हत्ती!

संध्याकाळी मोबाइल घेऊन खाली गेली. "काका, एक नवा अम्प्लिफायर आला आहे. शेंगदाण्याएवढा."

"तुह्या साबणाच्या वडीले पोर झालं का?"

"ऐका तर. 'नैसर्गिक, जिवंत आवाज. गर्दीतही प्रत्येक शब्द स्पष्ट. नको असलेला आवाज आपोआप बाजूला.'"

"हट्!" काका सरसावून बसले. "आपोआप बाजूला? त्याले कसं समजन कोन्ता नको हाय? सगळे थापा. स्पीकर कोन्ता लागते याले?"

"स्पीकर त्यातच असते."

"शेंगदाण्यात? आन् ठेवाचा कोठी?"

"कानात, काका."

काकांनी चष्मा काढला. काकू आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडावर धरला.

"मी बहिरा नाही," काका म्हणाले. आवाज एकदम कोरडा.

माझी फाटली होती, पण आता मागं कुठं जाणार? म्हटलं, "बहिरे आहात असं कोण म्हणून राहिलं? मी म्हणून राहिली कंपनी थापा मारते. पण काका, डोळे मिटून टेस्ट केल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुम्हीच..."

काका उठले आणि आत निघून गेले. जेवणाच्या वेळी लाइट बराच वेळ लपलप करत राहिला. मी वर बसून स्वतःला शिव्या दिल्या.

सकाळी जिन्यावर पावलं वाजली. काका, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, हातात पिशवी, पिशवीत त्यांच्या सतारीची सीडी.

"चाल. पाहू काय म्हणते तो शेंगदाणा. काकूलेबी घे."

बर्डीवरच्या कानाच्या मशीनच्या दुकानातली मुलगी बिचारी माझ्याच वयाची. तिनं काकांना एका बंद खोलीत बसवलं, कानावर हेडफोन दिले, बीप आली की बटण दाबा म्हणाली. काका बाहेर आले ते खुशच. "काय शांत खोली हाय वं पोरी! अशी घरी बांधाले काय लागते?" मग तिच्या समोरच्या स्क्रीनवर त्यांची नजर गेली. ग्राफ होता. ग्राफ म्हटला की काकांना राहवते थोडीच! कोणत्याही अम्प्लिफायरचा असा ग्राफ ते भविष्य सांगितल्यासारखा वाचायचे. चष्मा वर करून वाकले.

"हा कोन्त्या कंपनीचा? खालचे सूर ठीक हायेत. मधले चालन. पण वरचे पाह्य ना, हे तर पायऱ्यावरून पडल्यासारखे पडले. असा माल फुकट दिला तरी नाही घेणार मी."

ती मुलगी गोंधळली. माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "हा तुमच्या कानांचा आहे."

काकांना ते नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बोटानं स्क्रीन दाखवली आणि मग काकांच्या कानाला हात लावला. बस, एवढंच.

काकांनी चष्मा खाली घेतला आणि पुन्हा ग्राफकडे वळले. मला वाटलं, गेलं. आता घरी जाऊन कपडा पडते अम्प्लिफायरवर. पण काका ग्राफवर बोट फिरवून राहिले होते, वरून खाली, जिथून तो पडत होता तिथून. मग वळले आणि मुलीला म्हणाले, "वरचे सूर किती उचलते तुहा शेंगदाणा? दाणा न सांडता?"

त्यानंतर त्या मुलीची जी परीक्षा झाली! एक मशीन लाव, काढ, दुसरं लाव, आवाज सारखा कर, आता पुन्हा पहिलं. "एकच गोष्ट बदल वं पोरी, सगळं एकदम नको बदलू." तिसऱ्या मशीनला काका म्हणाले, "कोनीतरी बोला." बोला म्हटलं की सुचते का काही? शेवटी काकू नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "शर्टाचं वरचं बटण दुसऱ्याच काजात लावलं हाय तुमी."

काका दचकले. "हळू बोल ना. चिल्लावते काहून?"

आणि काकू, ज्या अजिबात ओरडल्या नव्हत्या, त्या भर दुकानात हसायला लागल्या, हसता-हसता डोळे पुसायला लागल्या, आणि ती दुकानातली मुलगीही. मी तर हसतच होती आधीपासून.

पण आता मला दुसरीच भीती लागली. रविवार येऊन राहिला होता.

रविवारी सगळं तसंच. कूलर बंद, दूध शेजारी, भाऊ, गुरुजी. काकांच्या कानात मशीन. त्यांनी अम्प्लिफायर चालू केला, बटण फिरवलं, बोट वर केलं.

"आधी शांतता आ..."

बोट तिथंच राहिलं. मान वाकडी झाली. आम्ही चौघं चार दिशांना पाहून राहिलो.

"या मशीनमधी खराबी हाय," काका म्हणाले. "सीऽऽ करून राह्यलं." मशीन काढलं. "गेलं. पाह्यलं? मशीनच खराब." पुन्हा लावलं. "आलं! उद्याच वापस करतो."

गोष्ट इथं संपू शकत होती. सगळ्यांची सुटका होती. अम्प्लिफायर निर्दोष, मशीन परत, लाइट लपलप. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्या नजरेत चिमटा नव्हता.

"काका," मी म्हटलं, "मशीन कानातच राहू द्या. अम्प्लिफायर बंद करून पाहा. एकच गोष्ट बदला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अम्प्लिफायर बंद केला. ऐकलं. चालू केला. ऐकलं. बंद. चालू. बंद. मग हळूच टेबलाला टेकून उभे राहिले.

"तुमाले सगळ्यायले आयकू येत होतं?"

गुरुजींनी डोळे उघडले. "मले वाटलं माह्याच कानात हाय."

"मी त पोह्यासाठी येतो गा," हुडकेश्वरचे भाऊ म्हणाले.

"आन् तू?" काका काकूंना म्हणाले. "त्या चादरीमांगं?"

"चुकले होते तुमी," काकू म्हणाल्या. "सगळ्या वेळी. पोरीचा जिंकला होता."

घामाचा थेंब माझ्या हनुवटीवर येऊन लटकला. काका अम्प्लिफायरकडे पाहून राहिले होते, त्याच्या झाकणावरून हात फिरवून राहिले होते, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडून राहिले.

"म्हणजे," काका म्हणाले, आणि हसू फुटून पुढचं बोलताच येईना, "म्हणजे इतके दिवस घरात खराबी होती आन् मले दुरुस्त कराले कोनी दिली नाही! अरे जुलमी लोक हो! पेचकस आण वं!"

त्या रविवारी गाणं झालंच नाही. पेपर अंथरला, झाकण उघडलं, कूलर लावला. होय, कूलर लावला! आतून कित्येक उन्हाळ्यांची धूळ निघाली. भाऊंनी टॉर्च धरला. काका लाकडी काडीनं एकेका पुर्ज्याला हलकेच टोचायचे आणि मान वाकडी करून स्पीकरचं ऐकायचे, मग "कूलर बंद!", मग "लाव!", असं दुपारपर्यंत. शेवटी एक जुना, तुरीच्या दाण्याएवढा ट्रान्झिस्टर सापडला, त्याला काडी लागली की सीऽऽ चं सूंऽऽ व्हायचं. "म्हातारा झाला बिचारा," काका त्याला म्हणाले. "मीबी झालो."

नवा पुर्जा बसवायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी माझ्या साबणाच्या वडीला टेबलावर मोठ्या अम्प्लिफायरच्या शेजारी जागा मिळाली होती, जिंकलेल्या पैलवानाला बसवतात तशी. काकांनी बटण फिरवलं. बोट वर केलं. काही बोलले नाहीत.

मी कान टवकारले. भाऊंनी टवकारले. गुरुजी जागे होते.

काहीच नाही. खरंच काहीच नाही! विहीर! खोल, काळी, थंडगार विहीर, मे महिन्याच्या नागपुरात! माझ्या अंगावर काटा आला, आता लिहितानाही येऊन राहिला. काकांचे डोळे मिटलेले, बोट वर. ही शांतता ऐकायला त्यांना इतकी वर्षं लागली होती, ते ती सोडणार नव्हते. श्वास घ्यायचीही कोणाची हिंमत नव्हती.

आणि त्या शांततेत, आतून, स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज आला. हाक नाही मारली. जोरात तर नाहीच. कोणी स्वतःशी बोलते तेवढ्याच आवाजात.

"पोहे झाले."

काकांचं बोट खाली आलं. त्यांनी डोळे उघडले.

"आलो," म्हणाले, आणि उठलेच.

भाऊ म्हणाले, "अबे, आन् गाणं?"

"थांबन ते," काका आत जाता-जाता म्हणाले. "ते पाठ हाय मले."